बाक नाही, हे खरे आहे काय?

सभागृहाच्या टाइपिंगच्या खोलीत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्या एकतीस वर्षांत माझ्या बोटांनी सर्वांत जास्त वेळा काय उमटवलं असेल, तर 'हे खरे आहे काय?' अजूनही कुणी म्हणालं की भाजी अगदी ताजी आहे, तर माझा उजवा अंगठा आपोआप हलतो. जागा सोडण्याची पट्टी अंगठ्याखाली असायची ना.

पद्धत सांगते. आमदार आपले प्रश्न हातानं लिहून आणायचे किंवा समोर बसून सांगायचे. आम्ही ते टाइप करायचो, ते सही करायचे, कागद शेजारच्या प्रश्न शाखेत जायचा, तिथे त्याला क्रमांक मिळायचा आणि मग तो संबंधित खात्याकडे उत्तरासाठी रवाना व्हायचा. प्रश्नाचा साचा ठरलेला. एक, अमुक अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? तीन, नसल्यास, विलंबाची कारणे काय? आणि उत्तराचा साचा त्याहून पक्का. एक, हे खरे नाही. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही. खाली मंत्र्यांची सही. एखादं गाव पुरात वाहून गेलं तरी उत्तर हेच यायचं, फक्त गावाचं नाव बदलायचं.

आता गंमत अशी, की ही उत्तरं लिहिणारी माणसं असायची खात्यांमध्ये. आणि बांधकाम खात्यात ती लिहायचे आमचे हे. म्हणजे दिवसा मी प्रश्न छापायची, आठवड्याभरानं ते उत्तर लिहायचे, आणि संध्याकाळी दोघं एकाच टेबलाशी बसून चहा प्यायचो. आपलेच दात, आपलेच ओठ.

माणूस वाईट नव्हता हो. नाकासमोर चालणारा. पण अकरा वर्षं दिवसभर 'हे खरे नाही' लिहून ते त्यांच्या रक्तात भिनलं होतं. दूध उतू जाऊन त्यांच्या पायापर्यंत ओघळ आलेला असायचा. मी बाहेरून ओरडायची, "अहो, दूध उतू गेलं का?" आतून शांतपणे उत्तर यायचं, "नाही."

तोंडी विचारलेलं त्यांच्या कानात शिरत नाही, पण टाइप केलेल्या कागदाकडे ते दुर्लक्ष करू शकत नाहीत, हा शोध मला लग्नानंतर सहा वर्षांनी लागला. मग मी घरचे प्रश्न ऑफिसात मधल्या वेळात टाइप करायची आणि संध्याकाळी त्यांच्या बशीखाली ठेवायची. पहिला प्रश्न मला आठवतो. 'निवासस्थानातील पलंगावर ओले टॉवेल आढळून येतात, हे खरे आहे काय?' यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'हे अंशतः खरे आहे. टॉवेल एकच आहे.'

त्यावर मी तीन दिवस बोलले नाही. पण उत्तर तर मिळालं होतं!

आता मास्तर. मास्तर म्हणजे आमदार. आधी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि मग लोकांनी त्यांना चार वेळा निवडून दिलं. सभागृहात ते फार बोलत नसत, प्रश्न लिहीत. आणि उत्तर आलं की लाल पेन्सिलनं तपासत. खरोखर तपासत! चुकीच्या ओळीखाली रेघ, समासात शेरा आणि वर गुण. 'दहापैकी दोन. मुद्द्याला धरून नाही.' 'दहापैकी एक. मागच्याच उत्तराची नक्कल.' 'दहापैकी तीन. अक्षर बरे.' मग ती तपासलेली प्रत पाकिटात घालून मंत्र्यांना परत पाठवायचे. मंत्री धुमसत बसायचे, पण आमदारानं उत्तराला गुण देऊ नयेत असा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता.

वीस वर्षांत मास्तरांनी, अगदी शेवटचा धरून, एक हजार चारशे त्रेसष्ट प्रश्न विचारले. वहीत नोंद होती. शेवटच्या अधिवेशनापर्यंत त्यांना एकदाही, एकदाही 'हे खरे आहे' असं उत्तर मिळालं नव्हतं. एकदा 'अंशतः खरे' मिळालं होतं, तेव्हा त्यांनी आमच्या सबंध खोलीला चहा पाजला होता.

त्यांचा सगळ्यांत चिवट प्रश्न बाकाचा. सभागृहासमोरच्या बसथांब्यावर बाक नव्हता. मास्तर बसनं यायचे-जायचे आणि त्यांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. अकरा वर्षं दर अधिवेशनात ते विचारायचे, 'सभागृहासमोरील बसथांब्यावर बाक नाही, हे खरे आहे काय?' आणि अकरा वर्षं उत्तर यायचं, 'हे खरे नाही.' कारण बांधकाम खात्याच्या फायलीत तो बाक होता. मंजूर झाला होता, बनवून झाला होता, बसवून झाला होता, दोनदा रंगवूनही झाला होता.

"टकटकबाई," मास्तर मला म्हणायचे. टाइपिंगमुळे त्यांनी मला हेच नाव ठेवलं होतं. "मी त्या बाकावर रोज बसायला जातो आणि रोज पडता पडता वाचतो."

त्या वर्षी त्यांनी ठरवलं की पुन्हा निवडणुकीला उभं राहायचं नाही. त्यांचं शेवटचं अधिवेशन. प्रश्न द्यायची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. सकाळी दहाला ते आले, तर एका डोळ्यावर हिरवी पट्टी. आठवड्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाली होती. खुर्चीत बसत म्हणाले, "शेवटचे पाच प्रश्न. पाटी कोरी करून जाऊ."

"एवढी घाई कशाला मास्तर? डोळा तरी बरा होऊ द्या."

"डोळा बरा होईल तेव्हा मी आमदार नसेन. ऐक. वीस वर्षं झाली. मला रस्ता नको, पूल नको. एकदा फक्त सरकारच्या तोंडून 'हे खरे आहे' ऐकायचंय. एकदा! आणि जमलं तर त्या बाकाबद्दल."

त्यांनी पाच प्रश्न सांगितले, पाचवा बाकाचा. मी पाचही टाइप केले. सही कुठे करायची ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवत गेले आणि ते माझ्या बोटाशेजारी सही करत गेले. मग मी कागद उचलले, धावत जाऊन प्रश्न शाखेत दिले. बाराला दहा कमी होते. परत येऊन मास्तरांना सांगितलं, "गेले." ते काठी टेकत, हसत, बाक नसलेल्या थांब्याकडे गेले.

संध्याकाळी घरी चहा केला. सकाळी मास्तर यायच्या आधी मी यांच्यासाठी एक प्रश्न टाइप करून यंत्राशेजारी ठेवला होता, स्वयंपाकघराच्या खिडकीचा. आम्ही राहायचो सरकारी क्वार्टरमध्ये. त्या खिडकीचं दार चार वर्षं बंद होत नव्हतं. वारा, धूळ, शेजारणीच्या घरचं भांडण, सगळं आत यायचं. शिवाय एक मांजर यायचं. क्वार्टर बांधकाम खात्याचं, नवरा बांधकाम खात्यात, तरी खिडकी उघडीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. तर पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्या बशीखाली सरकवला.

यांनी घोट घेतला, कागद उघडला, आणि जेमतेम नजर टाकून, पेन्सिल काढून खाली लिहिलं, 'हे खरे नाही.'

"खरे नाही?" मी म्हटलं. "चार वर्षं ती खिडकी उघडी आहे आणि खरे नाही?"

"कसली खिडकी? हा तर बाक आहे. मास्तरांचा बाक. मी याचं उत्तर झोपेतसुद्धा देतो. ऑफिसचं काम घरी कशाला आणतेस अगं?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कागद हिसकावून घेतला. सभागृहासमोरील बसथांब्यावर. खाली मास्तरांची सही नव्हती. म्हणजे मी बोट ठेवून मास्तरांकडून सही करून घेतली होती ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर! आणि ती खिडकी, चार इतर प्रश्नांबरोबर, मी स्वतःच्या पायांनी धावत जाऊन प्रश्न शाखेत देऊन आले होते.

सोमवारी सकाळी पहिली मीच प्रश्न शाखेत. तिथल्या प्रमुखांना आम्ही नियमबुवा म्हणायचो. कागद अदलाबदल करता येईल का, असं मी आडून आडून विचारलं.

"शुक्रवारी बारा म्हणजे शुक्रवारी बारा," नियमबुवा म्हणाले. "आणि बदलायचंय कशाला? हे बघा, मास्तरांचा हा प्रश्न. चार हजार एकशे सतरा. मी आजच मान्य केला. काय प्रश्न आहे! एकच विषय. विशेषण नाही, टोमणा नाही, काल्पनिक काही नाही. वीस वर्षांनी मास्तरांची लेखणी ताळ्यावर आली."

आणि त्यांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. 'कर्मचारी निवासस्थान क्रमांक नऊ येथील स्वयंपाकघराची खिडकी गेली चार वर्षे बंद होत नाही, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत तेथे राहणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्याने कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय?'

"तो 'संबंधित कर्मचारी' तर अप्रतिम," नियमबुवा म्हणाले. "जबाबदारी निश्चित केली आहे."

मी मास्तरांकडे कबुली द्यायला गेले. ते आमदारांच्या वाचनालयात एका डोळ्यानं वर्तमानपत्र वाचत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "टकटकबाई, पाचही प्रश्न वेळेत गेले ना? बाक गेला ना?"

"पाच प्रश्न गेले, मास्तर."

हे अंशतः खरे होते.

"या वेळी मला वाटतंय बघ," ते म्हणाले, "या वेळी उत्तर येणार. शेवटच्या तासाला ढ मुलगासुद्धा एखादं गणित सोडवतो."

मग मात्र माझ्या जिभेला कुलूप बसलं. जिन्यावरून उतरताना विचार केला, बाक तर मी घालवला. मास्तरांचं शेवटचं अधिवेशन आणि त्यांचा बाकाचा प्रश्न माझ्या पर्समध्ये. पण खिडकी? ती खरोखरच बंद होत नाही! तिला कुणी 'खरे नाही' म्हणूच शकत नाही. मास्तरांना 'हे खरे आहे' मिळायचं असेल तर ते आता माझ्याच स्वयंपाकघरातून मिळणार. आणि उत्तर लिहिणारा माझ्याच टेबलाशी चहा पितो.

बुधवारी हे घरी आले ते चेहरा पाडून. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "तुझी खिडकी माझ्या टेबलावर आलीय."

"बरं झालं. लिहा मग, हे खरे आहे."

"वेड लागलंय का तुला? अकरा वर्षांत माझ्या हातून एकही 'खरे आहे' गेलेलं नाही! एकदा खरं म्हटलं की पुढे कारवाई सांगावी लागते. कारवाई सांगितली की उशीर का झाला ते सांगावं लागतं. आणि इथे 'संबंधित कर्मचारी' म्हणजे मी! मी माझ्याच विरुद्ध माझ्याच अक्षरात लिहू?"

"खिडकी बंद होते का?"

"तो मुद्दा नाही."

"मग मुद्दा काय आहे?"

"मुद्दा पद्धतीचा आहे."

मी मास्तरांची सगळी गोष्ट सांगितली. एक हजार चारशे त्रेसष्ट. डोळ्यावरची पट्टी. ढ मुलगा. यांनी मान खाली घातली, पण पेन्सिल काही हलली नाही. म्हणाले, "फार तर 'अंशतः खरे' लिहितो. खिडकी अर्धी बंद होते."

"अर्धी बंद होणारी खिडकी उघडीच असते."

दुसऱ्या दिवसापासून मी सरकार झाले. सकाळी हे म्हणाले, "चहा झाला का गं?" मी म्हटलं, "हे खरे नाही."

"डबा?"

"प्रश्न उद्भवत नाही."

"माझा निळा शर्ट इस्त्री केलाय का?"

"हे अंशतः खरे आहे. बाह्या राहिल्या आहेत."

सासूबाई आमच्याकडेच असायच्या. त्या कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "काय रे, ही असं का बोलते?"

"आई, ही माझी नक्कल करते."

"मग बरोबर करते," सासूबाई म्हणाल्या. "तुझा बापही असाच होता. पण तो निदान टाइप करायला लावत नव्हता."

उत्तर लिहिण्याआधी जागेची पाहणी करावी लागते. यांच्या साहेबांनी एका तरुण इंजिनियरला आमच्याकडे पाठवायचं ठरवलं. शनिवारी सकाळी येणार. मी निवांत होते. तो येईल, खिडकी बघेल, अहवाल देईल, संपलं.

पण मी सासूबाईंना हिशेबात धरलं नव्हतं. सरकारी माणूस घरी येणार म्हटल्यावर त्यांनी पहाटे उठून घर लख्ख केलं. ओटा घासला, डबे पुसले, आणि उघडी खिडकी बरी दिसत नाही म्हणून तिचं दार ओढून, सासऱ्यांच्या जुन्या पायजम्याच्या नाडीनं गजाला करकचून बांधून टाकलं. वर पडदा लावला. घरात चार वर्षं नसलेला पडदा!

इंजिनियर आला. हातात फूटपट्टी, काखेत फाईल. पडदा बाजूला करून बघितलं, लिहू लागला, "खिडकी बंद आहे."

"थांबा!" मी म्हटलं. "ती बांधलीय."

त्यानं वाकून पाहिलं. अदबीनं म्हणाला, "आजी, ती नाडी सोडता का जरा?"

"मेल्या!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या नवऱ्याच्या पायजम्याची नाडी आहे ती. माणूस गेला, आता निदान नाडी तरी राहू दे!"

"आजी, सरकारी काम आहे."

"त्यांचा पायजमाही सरकारी कापडाचाच होता. तुझ्या सरकारला सांग, हात लावायचा नाही."

हे दाराच्या आड उभे होते आणि हसू दाबता दाबता लालबुंद झाले होते. मग मीच पुढे झाले आणि गाठ ओढली. नाडी सुटली, खिडकीचं दार धाडकन उघडलं, आणि बाहेर सकाळपासून ताटकळलेलं मांजर थेट इंजिनियरच्या फायलीवर येऊन बसलं. तो दोन पावलं मागे सरकला, ओट्याला टेकला. मांजर मात्र जागचं हललं नाही. शेवटी त्यानं मांजराच्या पाठीवरून हात लांब करून अहवाल लिहिला. अजून आठवतं मला, शब्द न् शब्द. 'खिडकी बंद होत नाही. समक्ष पाहिले.'

तरीही यांनी उत्तराचा मसुदा केला तो 'हे अंशतः खरे आहे' असाच. साहेबांनी सही केली. फाईल मंत्र्यांकडे गेली. मी त्या दिवशी भाताला मीठ घातलं नाही. मुद्दाम नव्हे, मनच थाऱ्यावर नव्हतं. यांनी तो भात मुकाट्यानं खाल्ला आणि म्हणाले, "बरा झालाय." तेव्हा मला कळलं की यांचंही मन त्यांना खात होतं.

पुढचं मला यांनीच सांगितलं, ते चहा तीनदा गार होऊ देत. मंत्र्यांनी यांना स्वतःच्या खोलीत बोलावलं. बांधकाम मंत्री म्हणजे मोठा देह, मोठा आवाज. टेबलावर मास्तरांनी तपासलेल्या उत्तरांची चळत होती. मंत्र्यांनी ती जपून ठेवली होती!

"हे बघा," मंत्री म्हणाले. "दोन. दोन. एक. तीन. परत दोन. पाच वर्षं मी नापास होतोय! घरी धाकटी मुलगी विचारते, बाबा, आज किती पडले? आता या माणसाचं शेवटचं अधिवेशन. हा गेला की मी जन्मभर नापासच राहणार. मला सांगा, या 'अंशतः'ला किती गुण मिळतील?"

"चार, साहेब," हे म्हणाले. "मागे एकदा मिळाले होते."

"पास कितीला?"

"साहेब, बहुतेक साडेतीनला. पण..."

"पण काय?"

"पण ते उत्तर चूक आहे, साहेब." यांच्या कपाळावर घाम आला होता म्हणे. "खिडकी बंद होत नाही. अजिबात होत नाही. मला माहीत आहे, कारण ती माझीच आहे. संबंधित कर्मचारी मीच."

मंत्री म्हणाले, "मग सरळ लिहा की! खरं लिहायला काय पडतं?"

"पायंडा पडेल, साहेब."

"पडू दे. पडला तर पुन्हा उभा करू."

आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या यांनी ते लिहिलं. उत्तराची प्रत मंगळवारी आमच्या खोलीत आली. मास्तर आधीच येऊन बसले होते. पट्टी निघाली होती, पण चष्मा अजून मिळाला नव्हता. "वाच," म्हणाले.

चार उत्तरं नेहमीची होती. पाचवं मी उभं राहून वाचलं. "प्रश्न क्रमांक चार हजार एकशे सतरा. एक, हे खरे आहे."

"पुन्हा."

"हे खरे आहे. दोन, संबंधित कर्मचाऱ्यास घरच्या पातळीवर समज देण्यात आली असून त्याचा परिणाम दिसून येत आहे. तीन, विलंबाची कारणे शोधण्यात आली. ती आढळून आली नाहीत."

सगळ्या खोलीतली टकटक थांबली होती. मास्तरांनी डोळे मिटले. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, कागद नाकाजवळ धरून वरचा प्रश्नही वाचला आणि मोठ्ठे दहा लिहिले. दहापैकी दहा! मी रडायच्या बेतात होते. शिपायानं ती प्रत पाकिटात घालून मंत्र्यांकडे नेली.

"अभिनंदन, मास्तर," मी म्हटलं. "मिळालं शेवटी."

"मंत्र्याला मिळालं," मास्तर म्हणाले. "त्याचं उत्तर बरोबर होतं, त्याला गुण दिले. पण प्रश्न माझा नाही. टकटकबाई, त्या शुक्रवारी मला दिसत नव्हतं, पण मी काय सांगतोय ते ऐकू येत होतं. मी खिडकी सांगितलीच नव्हती. दुसऱ्याच्या वहीतलं उत्तर माझ्या वहीत धरलं तर मी चाळीस वर्षं पोरांचे कान का पिळले?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पर्स उघडली आणि बाकाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. शुक्रवारचं सगळं सांगितलं. बोट, सही, बशी, सगळं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे बाक गेलाच नाही." आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बांधकाम मंत्री! हातात ती प्रत फडफडतेय, चेहरा पहिल्या आलेल्या पोरासारखा, आणि मागून फाईल सांभाळत आमचे हे पळतायत.

"मास्तर! दहा! हे खरंच दहा आहेत ना? आधीचा एक आणि पुढचं शून्य असं काही नाही ना?"

"दहाच आहेत," मास्तर म्हणाले. काठीवर भार देत उठले. "अभ्यास केलेला दिसतो. आता तोंडी परीक्षा. इकडे या." त्यांनी मंत्र्यांचं मनगट धरलं, अगदी वर्गातल्यासारखं, आणि आमच्या खोलीच्या खिडकीपाशी नेलं. खाली बसथांबा. आठ-दहा माणसं उभी. एक बाई स्वतःच्या पिशवीवर बसलेली. एक आजोबा खांबाला टेकलेले.

"या थांब्यावर बाक नाही, हे खरे आहे काय?"

मंत्र्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. यांच्याकडे वळून म्हणाले, "बाक कुठंय?"

"फायलीत, साहेब," हे म्हणाले.

मंत्र्यांनी पुन्हा खाली पाहिलं. "नाही हो, मास्तर. बाक नाही. खरं आहे."

"लेखी द्या."

"पण मुदत संपली ना? क्रमांक नाही, सही नाही..."

"सही मी आता करतो. क्रमांक मी माझ्या वहीत घालीन. एक हजार चारशे त्रेसष्टावा. तो अजून रिकामाच आहे."

मास्तरांनी सही केली. मी बोट ठेवलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. मंत्र्यांनी कागद घेतला, तर खाली पेन्सिलनं आधीच लिहिलेलं, 'हे खरे नाही.'

"हे कुणाचं अक्षर?"

"माझं, साहेब," आमचे हे म्हणाले. "चहा पिताना लिहिलं होतं. सवयीनं."

मंत्र्यांनी यांच्याच कानावरची पेन्सिल काढली, 'नाही'वर काट मारली, पुढे 'आहे' लिहिलं आणि सही ठोकली. मास्तरांनी कागद नाकाजवळ धरून तीनदा वाचला. मग लाल पेन्सिल निघाली.

"दहापैकी नऊ," मास्तर म्हणाले. "एक गुण कापला. वही अकरा वर्षं उशिरा दिली."

त्या दिवशी चहा मंत्र्यांनी पाजला.

आमची खिडकी महिन्याभरात दुरुस्त झाली. ती घट्ट बंद होऊ लागली. फक्त उघडेना. मांजर बाहेरून काचेवर पंजे मारायचं, सासूबाई आतून त्याच्याशी बोलायच्या, आणि दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "सूनबाई, जरा यंत्रावर बस बघू."

बाकही आला, पुढच्या वर्षी. खराखुरा, लोखंडी पायांचा. बसवणाऱ्यांनी तो फक्त उलटा बसवला, म्हणजे रस्त्याकडे पाठ आणि सभागृहाच्या भिंतीकडे तोंड. मास्तर तोवर आमदार राहिले नव्हते. तरी दर मंगळवारी बसनं यायचे, त्या बाकावर बसायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. मधल्या सुट्टीत मी खाली जाऊन शेजारी बसायची. पाठीमागून बस यायच्या आणि निघून जायच्या, आम्हाला काही दिसायचं नाही.

"टकटकबाई," ते न वळता विचारायचे, "आत्ता गेली ती माझीच बस होती, हे खरे आहे काय?"

"हे खरे आहे, मास्तर."

"छान," म्हणायचे, आणि पाय लांब करून आणखी टेकून बसायचे.